क्षमेचा अधिकार कोणाचा

शाळेत एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा छळ केल्याचे उघडकीस आले की पुष्कळदा ते प्रकरण शिक्षकांच्या खोलीत मिटवले जाते. दोघांना समोरासमोर उभे करून एकाकडून 'सॉरी' वदवून घेतले जाते, दुसऱ्याला हात मिळवायला सांगितले जाते आणि मधली सुट्टी संपायच्या आत दोघेही वर्गात परततात. या व्यवहारात शिस्तीहून मूलगामी असा प्रश्न दडलेला आहे, तो असा की, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडून क्षमा वसूल करण्याचा अधिकार तिसऱ्या कोणाला असू शकतो काय?

भारतीय परंपरेने क्षमेचा जितका गौरव केला, तितक्याच गांभीर्याने तिच्या मर्यादांचाही विचार केला. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि त्याचा नातू बली यांचा संवाद ऐकवते. त्यात प्रल्हाद सांगतो की सदासर्वकाळ क्षमा हितकर नाही आणि सदासर्वकाळ तेज, म्हणजे दंड करणारी उग्रता, हीदेखील हितकर नाही. नकळत घडलेला अपराध आणि कोणाचाही पहिला अपराध सोडून द्यावा, परंतु दुसरा लहान असला तरी त्याला दंड असावा, असे तो म्हणतो. मुलांच्या बाबतीत हा भेद विशेष मोलाचा आहे, कारण एखाद्याचा डबा एकदा लपवणे आणि तो रोज लपवला जाणार हे त्याला ठाऊक असणे यांत फार मोठे अंतर आहे. हा विचार भरसभेत अपमानित झालेली स्त्री मांडते, हेही नजरेआड करता येत नाही.

तरीही क्षमा मागायची कशी, याचे सर्वांत सूक्ष्म विवेचन पाली विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या संग्रहात, आढळते. सुधम्म नावाच्या भिक्षूने मच्छिकासंड येथील चित्त या गृहस्थाला तिळाच्या वडीचा उल्लेख करून हिणवले. परंपरेने लावलेल्या अर्थानुसार तो टोमणा चित्ताच्या घराण्याच्या जुन्या धंद्यावर होता. वडिलांच्या व्यवसायावरून किंवा जातीवरून वर्गात पडणारी टोपणनावे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना या टोमण्याची जात ओळखीची वाटेल. संघाने सुधम्माला 'पटिसारणीय कम्म' लावले, म्हणजे ज्याला दुखावले त्याच्याकडे स्वतः जाऊन क्षमा मागण्याचा आदेश दिला. सुधम्म गेला खरा, परंतु खजील होऊन क्षमा न मागताच परतला. तेव्हा त्याला अधिक कठोर शिक्षा देण्याऐवजी त्याच्याबरोबर एक अनुदूत, म्हणजे सोबतीला जाऊन त्याच्यासाठी रदबदली करणारा भिक्षू, देण्याची व्यवस्था झाली. अनुदूताने आधी त्या भिक्षूसाठी, मग स्वतःच्या वतीने आणि अखेर संघाच्या वतीने विनंती करावयाची. एवढे करूनही गृहस्थाने क्षमा केली नाही, तर त्याच्या दृष्टीसमोर आणि त्याला ऐकू जाईल अशा अंतरावर भिक्षूकडून अपराधाची कबुली घ्यावयाची.

या नियमात नकाराला जागा आहे आणि तेच त्याचे थोरपण आहे. दुखावलेल्याने क्षमा केली नाही म्हणून तो दोषी ठरत नाही आणि त्याने क्षमा केली नाही म्हणून अपराध्याची कबुलीही टळत नाही. शाळेतील घाईच्या समेटात नेमके उलटे घडते, कारण तेथे हात पुढे न करणारा मुलगाच हट्टी ठरतो आणि त्याला छळाबरोबर औदार्याची सक्तीही सोसावी लागते. शिक्षकाचे खरे काम अनुदूताचे आहे: छळणाऱ्याला त्याने काय केले हे नेमक्या शब्दांत बोलता येईपर्यंत त्याच्यासोबत राहणे, आणि ज्याच्यासमोर ते बोलायचे त्याच्यावर उत्तराचे कोणतेही ओझे न टाकणे.

अर्थात क्षमा मिळो वा न मिळो, संरक्षणाचे कर्तव्य त्यावर अवलंबून राहत नाही. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याने तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखाला अपराधास साहाय्य करणारा मानले, ते याच जाणिवेतून. मात्र प्रत्यक्षात छळ झालेल्या मुलाचाच बाक, तुकडी किंवा कधीकधी शाळाही बदलली जाते आणि छळणारा आपल्या जागी कायम राहतो. हा निर्णय सोयीचा असला तरी तो दंडच आहे आणि तो चुकीच्या मुलाला झालेला आहे.