पूल येण्याआधी

पूल समोर येईपर्यंत तो ओलांडायची चिंता करू नये, असं एक इंग्रजी वचन आहे. सल्ला साधा आहे, पण त्याच्या पोटात एक मोठा विश्वास आहे: आपण पोचू तेव्हा पूल जागेवर असेल. भंडाऱ्याला लागून असलेल्या कारध्यात पावसाळ्यात हा विश्वास धरता येत नाही. वैनगंगा चढली की जुना पूल पाण्याखाली जातो. इथली धोक्याची पातळी 245.50 मीटर. नदी तिच्या किती खाली आहे, हे घर सोडण्याआधीच विचारून घ्यावं लागतं. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि नदी भंडारा शहरात शिरली. पुलाची चिंता आधी करणं हेच या काठाचं शहाणपण आहे.

ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, हे वचनही भरल्या आभाळाच्या देशातलं. आपला धानकरी ऊन मागत नाही. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, तयार असतात, बांधी, म्हणजे भातशेत, कोरडी असते आणि रोवणी पावसासाठी अडलेली असते. मराठी म्हण सांगते, ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’. आणि उलट झालं, तर ‘भात मिळेना पितरा’. उत्तरा नक्षत्र सप्टेंबरातलं, पितृपक्षाच्या आसपासचं. पिकाचा अंदाज बांधताना दारचं कुत्रं आणि गेलेले वाडवडीलही या म्हणीने धरले आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. याउलट बेंजामिन फ्रँकलिनने 1748 मध्ये तरुण व्यापाऱ्याला बजावलं की वेळ म्हणजे पैसा. त्या हिशेबात तो तरुण एकटाच आहे.

पण त्या एकटेपणातच त्या वचनाचं बळही आहे. ते कुणाचं कूळ विचारत नाही. मजुराची मुलगीही ते स्वतःला सांगू शकते. आपल्या कितीतरी म्हणी मात्र जातीला टोचतात, बाईच्या अकलेला हिणवतात. दाते-कर्व्यांच्या वाक्संप्रदाय कोशात त्या जपल्या गेल्या, ते योग्यच झालं. कोशाने सगळंच ठेवायचं असतं. शाळेतल्या वर्गाने मात्र निवड करावी. फळ्यावर इंग्रजी सुविचार लिहिताना तो कुठल्या हवेतून, कुठल्या धंद्यातून आला तेही सांगावं. मुलांना घरच्या म्हणी आणायला लावाव्यात, आणि ज्या म्हणीने शेजारच्या बाकावरच्या मुलाची मान खाली जाते, तिचं काय करायचं ते त्यांनाच विचारावं.