मारामारीच्या गोष्टी

मारामारीच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात की नाहीत, हा प्रश्न आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो, आणि बहुधा पुस्तक हिसकावून घेतल्यावरच विचारला जातो. मुखपृष्ठावर घोडा उधळलेला, नायकाची मूठ कुणाच्या तरी हनुवटीवर आदळलेली, खाली लालभडक अक्षरांत नाव! असे पुस्तक दिसले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. मी शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्याही लिहितो. तेव्हा या खटल्यात फिर्यादी आणि आरोपी अशा दोघांच्याही बाजूला मला उभे राहावे लागते.

आमच्या दिंडोरीतले एक द्राक्षबागाईतदार मला म्हणाले, "गुरुजी, ही पुस्तकं वाचून पोरगं ठोसे मारायला शिकंल ना!"

मी म्हटले, "नाना, ठोसा मारायला पोराला पुस्तक लागत नाही. तो कधी मारू नये, यासाठी मात्र लागतं."

नानांचे समाधान झाले. माझे झाले नाही. दुसऱ्याला बसलेला ठोसा वाचून आपल्याला आनंद का व्हावा, हा खरा प्रश्न तसाच उरला.

बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड कायद्याची वाट पाहत बसत नसत, आणि वाचकाला त्याचेच कौतुक होते. ज्याने तलाठ्याच्या उंबऱ्यावर आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या आहेत, त्याला चार पानांत मिळणारा न्याय गोड लागणारच. त्या आनंदात दुष्टावा नसतो. ती न्यायाची घाई असते.

परंतु ही घाई पुस्तकाबाहेर आली म्हणजे काय होते? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारे समजून, जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. मारणाऱ्यांतल्या प्रत्येकाला त्या घटकेला आपण नायक आहोत असेच वाटले असणार. दिवाळीच्या फराळाशेजारी हे आठवू नये असे वाटते. पण पुस्तकाची बाजू मांडायची तर हे टाळून मांडता येणार नाही.

फरक कोठे आहे? मला वाटते, पहिला फरक हात आवरण्यात आहे. इंद्रजाल कॉमिक्सची सुरुवात १९६४ साली वेताळापासून झाली आणि १९९० साली ती बंद पडली. त्यांत १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर आला. घोड्यावरचे दरोडेखोर, बंदुका, हातघाईची मारामारी, सारे काही त्यात आहे. पण त्या कथेचे मूळ पाहा. बहादूर दरोडेखोराचा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घेण्याची शपथ त्याने घेतलेली असते. मग बापाचे खरे रूप त्याला कळते आणि तो सूड सोडून त्याच अधिकाऱ्याच्या बाजूला उभा राहतो. पुढच्या सगळ्या हाणामाऱ्या या एका न झालेल्या खुनावर उभ्या आहेत.

दुसरा फरक हसण्यात आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अंगाने काडीपैलवान. त्याचे 'टॉक्' ऐकले की पोरे हसतात, कारण आता दांडग्यांची फजिती होणार हे त्यांना ठाऊक असते. हसू दांडग्यावर असले की मनात द्वेष साठत नाही. दुबळ्यावर हसणारी गोष्ट मात्र, तिच्यात एकही ठोसा नसला तरी, विषारीच.

आणि याचा दाखला शोधायला लांब जायला नको. आमच्याच तालुक्यात रामशेज आहे. १६८२ साली मोगलांनी त्याला वेढा घातला आणि मूठभर शिबंदीने तो पाच वर्षांहून अधिक काळ लढवला. वर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकडाच्या तोफा करून त्या कातड्याने मढवल्या. खाली एका मांत्रिकाने भुते वश असल्याचे सांगून, सोन्याचा नाग हातात धरून फौजेला वर न्यायचे पत्करले. अर्ध्या वाटेत गोफणीचा दगड त्याच्या छातीत बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे! हे सारे मोगलांच्या बाजूच्या खाफीखानाने लिहून ठेवले आहे. युद्ध आहे, युक्ती आहे, हसू आहे. एखाद्या चित्रमय साहसकथेला आणखी काय लागते?

रामशेजावर वर थोडे होते, खाली पुष्कळ. काळ्या पहाडापासून बहादूरपर्यंत नायक एकटा असतो आणि समोर टोळी असते. राईनपाड्याला टोळी आपली होती आणि समोर पाच निःशस्त्र माणसे होती. साहसकथेचा आनंद ज्याला खरोखर कळला आहे, त्याला त्या गर्दीत आपली जागा नायकाची नाही, एवढे तरी ओळखू यावे.

म्हणून पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. पुस्तक हिसकावण्याआधी मुलाला दोन गोष्टी विचारा : यात एकटा कोण आहे, आणि हसायचे कुणावर आहे? उत्तरे बरोबर आली तर पुस्तक परत द्या, आणि त्याचे वाचून झाल्यावर स्वतः वाचा. अंगणात मातीचा किल्ला अर्धवट उभा असेलच. मावळे वर कमी आणि खाली शत्रू जास्त का मांडायचे, हे तुमचा मुलगा तुम्हांला समजावून सांगेल.