जुनी गाडी आणि दिलेला शब्द

दिलेला शब्द पाळावा, हें आम्ही महाविद्यालयाच्या वर्गांत पुष्कळ वर्षें सांगत आलों आहों. तो मोडणें केव्हां क्षम्य ठरतें, याचीहि चर्चा करतों. परंतु ती बहुधा परीक्षेपुरतीच असते. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मात्र हा प्रश्न अगदीं निराळ्या वेषांत आमच्या दारीं आणून उभा केला. तो वेष होता मोटारीच्या ब्रेकचा.

हे गृहस्थ नोकरीनिमित्त इंग्लंडांत डर्बीशायरकडे स्थायिक झाले आहेत. त्यांच्या शेजारीं एक वृद्ध इंग्रज राहत असे. त्याच्याजवळ १९५६ सालची, दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार होती. तिचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. मृत्यूपूर्वीं कांहीं महिने त्यानें ती यांना अल्प किंमतीस दिली. अट एकच : कारखान्यांतून आली तशीच तिला ठेवावी. यांनीं शब्द दिला. पुढें ब्रेक बदलावे कीं काय असें मनांत येऊं लागलें, तेव्हां त्यांनीं आमचा सल्ला मागितला. आम्हीं उलट टपालीं लिहिलें कीं, शब्द तो शब्द. आणि मृताला दिलेला शब्द तर अधिकच बंधनकारक, कारण त्यांतून मोकळीक देणारा कोणी उरलेला नसतो. आज तें उत्तर आठवलें म्हणजे आम्हांस लाज वाटते.

त्यांची अडचण काय होती, तें आधीं सांगितलें पाहिजे. त्या काळच्या बहुतेक मोटारींप्रमाणें या गाडीच्या चारहि चाकांना ड्रमचे ब्रेक होते. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम, आणि त्याला आंतून घासणाऱ्या, अस्तर लावलेल्या दोन कमानी, अशी ही रचना. गाडीची गति या घर्षणानें उष्णतेंत बदलते. पण ती उष्णता बंद ड्रमांत कोंडून राहते. ड्रम तापून प्रसरण पावतो, अस्तराची पकड ढिली होते, आणि पाय कितीहि दाबला तरी गाडी ऐकत नाहीं. उलट, डिस्क ब्रेकमध्यें उघडी लोखंडी तबकडी दोन्ही बाजूंनीं चिमटीत धरली जाते व वाऱ्यानें निवत राहते. फ्रेडरिक लँचेस्टर यानें अशा ब्रेकचें पेटंट १९०२ सालींच घेतलें होतें. परंतु १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वारनें डिस्क ब्रेक लावून जिंकली, तेव्हां कोठें जगाचें लक्ष तिकडे वळलें. १९५६ सालीं ट्रायम्फ टीआर-३ या गाडीला, व १९५९ सालीं एमजीए-१६०० ला, पुढच्या चाकांवर ते मिळाले. वेग दुप्पट झाला कीं थांबवावयाची ऊर्जा चौपट होते, हें तर शाळेंतलें गणित. ब्रिटनच्या 'हायवे कोड'मध्यें ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतर ताशीं ३० मैल वेगाला १४ मीटर, आणि ६० मैलांना ५५ मीटर दिलें आहे.

आमचें पत्र पोंचल्यावर दोन महिन्यांनीं हे गृहस्थ एक लांब उतार उतरत होते. तिसऱ्या वळणावर ब्रेकची पकड सुटूं लागली. खालीं सायकलवरून एक मुलगी रस्ता ओलांडीत होती. गाडी थांबली ती तिच्यापासून हातभर अंतरावर. कोणालाहि इजा झाली नाहीं. त्या रात्रीं त्यांनीं आम्हांस लिहिलें : "सर, मीं शब्द दिला, तेव्हां त्या मुलीला विचारलें नव्हतें."

या एका वाक्यापुढें आमचें सारें तत्त्वज्ञान निरुत्तर झालें. मारेकऱ्यापाशींहि असत्य बोलूं नये, असें कांटनें १७९७ सालच्या आपल्या निबंधांत प्रतिपादिलें. आमचें पहिलें उत्तर त्याच थाटाचें होतें. वास्तविक महाभारताच्या कर्णपर्वांतील कौशिकाची कथा आम्हांस ठाऊक होती. लपलेल्या लोकांची वाट त्यानें दरोडेखोरांना खरी सांगितली, लोक मारले गेले, आणि सत्यव्रती कौशिक नरकांत गेला. ही कथा श्रीकृष्ण सांगतो ती अर्जुनाला. आणि तीहि गांडीव टाकून दे म्हणणाऱ्याचा वध करण्याच्या प्रतिज्ञेपायीं तो प्रत्यक्ष धर्मराजावर खड्ग उपसतो तेव्हां. वडील माणसाचा अपमान हाच त्याचा वध समज, असें सांगून कृष्ण प्रतिज्ञेचा मान राखतो आणि भावाचे प्राणहि वांचवितो.

आमच्या मते येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, जें आपलें आहे त्याचाच शब्द आपणांस देतां येतो. गाडी मालकाची असते, रस्ता सर्वांचा असतो. स्वतःच्या जिवावर उदार होणें यांत एखादे वेळीं थोरवी असेल. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणें हा निव्वळ उद्दामपणा होय. कायद्याकडे बोट दाखवून हें ओझें उतरत नाहीं. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या मोटारींना ब्रिटनमध्यें २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ति नाहीं. म्हणजे परीक्षक निघून गेला आणि परीक्षा मालकाच्या विवेकावर सोंपविली गेली.

दुसरी गोष्ट शब्दाच्या हेतूची. यावर कोणी म्हणेल, गाडी तशीच ठेवून ती चालविणेंच बंद करावें, दोन्ही साधतें. हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. परंतु तो वृद्ध दर रविवारीं ती गाडी बाहेर काढीत असे. ती धांवती राहावी, पुढच्या मालकानें तिचें रूप बिघडवूं नये, ही त्याची इच्छा. कोठारांत गंजणारें लोखंड त्याला नको होतें.

अखेर या गृहस्थांनीं घरच्या गॅरेजमध्यें, कित्येक रविवार खर्चून, पुढच्या चाकांना डिस्क बसविले. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव, म्हणून धूळ फुंकून न उडवितां ओल्या फडक्यानें टिपून घेतली. पूर्वीं चारहि चाकांना तेल पुरविणारा एकच मार्ग होता. एके ठिकाणीं गळती लागली तर सगळेच ब्रेक जावयाचे. तो आतां पुढचा व मागचा असा दुहेरी केला. मागचीं चाकें पुढच्यांआधीं जखडलीं तर गाडी गिरकी घेते. म्हणून स्वतःच्या हातावर विसंबून न राहतां त्यांनीं सर्व काम एका अनुभवी कारागिराकडून तपासून घेतलें. घरीं केलेल्या कामाचा अभिमान असावा, पण ब्रेकच्या बाबतींत तो दुसऱ्याच्या नजरेखालून गेलेला असावा. गाडीच्या सांगाड्याला एकहि नवें भोंक पाडलें नाहीं. जुने ड्रम तेलाच्या फडक्यांत गुंडाळून, चिठ्ठ्या लावून पेटींत ठेवले. मग त्या वृद्धाच्या पत्नीकडे जाऊन त्यांनीं शब्द मोडल्याचें स्वतः सांगितलें. शब्द मोडणाऱ्याचें हें शेवटचें कर्तव्य, आणि तेंच बहुधा टाळलें जातें.

एक धोका मात्र उरतो. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत म्युनिक शहरांतील कांहीं टॅक्सींना चाकें न जखडणारे ब्रेक लावून पाहिलें, तेव्हां त्यांचे अपघात इतर टॅक्सींपेक्षां कमी झाले नाहींत. चालकांनीं नव्या ब्रेकांच्या भरंवशावर अधिक धिटाई केली होती. आमच्या या मित्रानें म्हणून त्या उतारावर पूर्वीच्याच वेगानें जाण्याचें ठरविलें आहे. हा दुसरा शब्द त्यानें कोणाला दिला, तें त्या मुलीला कधीं कळणार नाहीं.

आमच्या पहिल्या पत्राची नक्कल आम्हीं फाडून टाकलेली नाहीं. प्रतिज्ञेचें प्रकरण वर्गांत निघालें कीं तीच आधीं वाचून दाखवितों, आणि मग त्यांचें तें एक वाक्य.