वाचा गेली म्हणजे नाम गेले काय?

वारकऱ्याचे सारे साधन जिभेच्या टोकावर आहे. ना यज्ञयाग, ना खर्च. मुखाने नाम घ्यावे, एवढेच. मग ती जीभच थांबली तर त्याने काय करावे? अर्धांगवायूचा झटका येऊन उजवे अंग लुळे पडले आणि त्याबरोबर वाचाही गेली, अशी माणसे आमच्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरीच्या अंगणातच, आहेत. शेजारीपाजारी येतात आणि म्हणतात, "प्रारब्ध म्हणायचं! देवाला मनातलं कळतं, बोलायला कशाला हवं?" हे बोलणे भक्तीचे दिसते, पण आम्हांस ते पुरते पटत नाही.

देवाला मनातले कळते, हे खरेच. वाचा गेली तरी नाम जात नाही, अशी आमची निष्ठा आहे. पण अहो, सुनेला मनातले कळत नाही, लेकाला कळत नाही, डॉक्टरांनाही कळत नाही! तहान लागली, पोटात कळ आली, कुशीवर वळायचे आहे, हे सांगावे कसे? पाय मोडला तर वारी चुकू नये म्हणून आपण हाड बसवून घेतो. मोतीबिंदू झाला तर विठ्ठलाचे रूप दिसावे म्हणून तो काढून घेतो. मग वाचेच्याच वेळी प्रारब्ध आडवे का यावे?

आपल्याकडे परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा चार वाणी सांगितल्या आहेत. वैखरी अडली म्हणजे आतले सारे विझले, असे नव्हे. कोणाची जीभ आणि ओठ दुबळे होतात. शब्द ठाऊक असून उच्चार बोबडा येतो. कोणाची जीभ धड असते, पण नेमका शब्दच सापडत नाही. 'पाणी' म्हणायचे असता भलतेच काही बाहेर पडते. यास वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोका या वैद्याने असा एक रोगी पाहिला की, त्याला 'तान' एवढेच बोलता येई, पण दुसऱ्याचे बोलणे पुष्कळसे समजे. तो वारल्यावर तपासले, तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला दिसला. म्हणून अशा माणसास वेडा समजू नये, की बहिरा समजून कानाशी ओरडू नये. काहींना ऐकलेलेही नीट उमजत नाही. त्यांच्याशी सावकाश, लहान वाक्यांत बोलावे.

आणखी एक नवल आहे. ज्याला 'पाणी दे' म्हणता येत नाही, त्याच्या तोंडून कित्येकदा पाठ असलेला अभंग चालीवर सुरळीत निघतो. कोणी म्हणतो, चमत्कार झाला. कोणी म्हणतो, सोंग करतोय. दोन्ही खरे नव्हे. पाठांतराची आणि सुराची वाट मेंदूत पुष्कळशी निराळी असते. १९७३ साली अमेरिकेतील बोस्टनच्या तज्ज्ञांनी याच वाटेने, सुरावर आणि हाताच्या ठेक्यावर, रोजची वाक्ये शिकवण्याची रीत मांडली. मात्र नुसते भजन म्हटले की वाचा आली, असे होत नाही. सुरावरून साध्या बोलण्याकडे पायरी पायरीने उतरावे लागते. त्यास महिने लागतात, आणि सर्वांचीच वाचा पुरती परतते असेही नाही. त्यात आमच्या सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी माणसे पुष्कळ. वाचोपचार करताना घरची भाषा वगळून कसे चालेल? ही विद्या शिकवणारी संस्था म्हैसूरला १९६५ साली निघाली. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ सालची आहे. तेव्हा वाचोपचाराचे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. संकोच करू नये.

आता घासाचे. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू पुष्कळसे तेच. म्हणून वाचेबरोबर कधी घासही अडतो. गिळताना श्वासनलिकेचे तोंड मिटावे लागते. ते वेळेवर मिटले नाही, तर अन्नपाणी फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनियाने माणूस दगावतोही. कधी तर ठसकाही लागत नाही, की कळावे! येथेच आपल्या मायेची परीक्षा आहे. आषाढीहून परतलेला वारकरी मोठ्या भावाने निजल्या माणसाच्या तोंडात चंद्रभागेचे तीर्थ ओततो, चुरमुरे घालतो. पण पातळ पाणीच सर्वांत लवकर चुकीच्या वाटेला लागते, आणि चुरमुरे, कडक भाकरी, कोरडी शेंगाचटणी घशात विखुरते. तीर्थ कपाळाला लावावे, प्रसाद उशाशी ठेवावा. तोंडात काय द्यावे, किती दाट, कसे बसवून, हे गिळणे तपासून जाणकार सांगेपर्यंत थांबावे. तेवढ्याने देव रागावत नाही. आपल्या भावापेक्षा समोरच्याचा श्वास मोठा.

असो. नाम त्याचे गेलेले नाही. पण आपण त्याचे ऐकणे सोडले, तर मुका झालेल्यास आपणच आणखी एकटे केले. तो शब्द शोधत असता थांबावे. घाईने त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. हो-नाही असे विचारावे, खूण समजून घ्यावी. एकादशीच्या भजनाला त्यासही बसवावे. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरील. गावच्या मंडळींनी एवढे केले तरी पांडुरंगाची सेवा घडली, असे आम्ही समजतो.

रामकृष्णहरि।