गावाची पांढरी

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपली जुनी म्हण आहे. गावाच्या मुळास तिने हा निषेध लावलेला नाही, आणि अलीकडे ते मूळ शोधण्याची हौस सुशिक्षित तरुणांत बरीच वाढलेली दिसते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ती वाढावी याचे कारण उघड आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पाहता पाहता शिवारांची नावे लोपून त्यांच्या जागी भूखंडांचे क्रमांक बसले. ज्याच्या घराचा पत्ता दोन आकड्यांत संपतो, त्यास आपल्या पायाखाली पूर्वी कोण नांदत होते हे जाणून घ्यावेसे वाटले तर त्यात अस्वाभाविक काहीच नाही. रविवारी किल्ल्यांची झाडलोट करणारी ही मंडळी जेव्हा विचारतात की, आमच्याच गावाची पांढरी आम्ही खणून पाहिली तर कोणाचे काय बिघडते, तेव्हा त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती अधिकाराविषयी. प्रेमाने खणण्याचा अधिकार प्राप्त होतो काय?

पांढरी हा शब्दच मोठा बोलका आहे. काळीत पीक आणि पांढरीत वस्ती, हा भेद आमच्या कुणब्याने पुरातत्त्वाचे नावही ऐकण्यापूर्वी केला होता. चुलीची राख, शेणमाती, पडक्या भिंतींचा चिखल पिढ्यान् पिढ्या साचून जमीन पांढुरकी होते. संशोधक प्राचीन वस्ती हुडकतात ती याच रंगावरून.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. १९५८ च्या कायद्यान्वये उत्खननास सरकारी अनुमती लागते, आणि १८७८ च्या निधी-कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत द्रव्य सापडल्यास कलेक्टरास कळवावे लागते. परंतु कायद्याने निषिद्ध ते सर्व नीतीनेही निषिद्धच असते असे नाही, म्हणून एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. उलट स्वयंसेवकांच्या बाजूने एक थोर दाखला देता येईल. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळविली ती काही सरकारी हुकमाने नव्हे. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही अशाच हौसेच्या बळावर. दाखला खरा आहे, पण येथे लागू पडत नाही. कागद एकाने चुकीचा वाचला तर दुसरा तो पुन्हा वाचतो. माती एकदाच वाचता येते. कोणते खापर कोणत्या थरात, कोणत्या चुलीशेजारी पडले होते, यातच त्याचा अर्थ असतो. ते उचलले की तो अर्थ टिपणवहीत तरी उतरतो, नाही तर कायमचा जातो. १९४४ साली तक्षशिलेस मॉर्टिमर व्हीलर यांनी भारतीय तरुणांस जे शिकविले ते मुख्यतः हेच: आखलेले चौकोनी खड्डे, मधे राखलेले मातीचे बांध, आणि त्या बांधांच्या कडेवर वाचावयाचा थरांचा क्रम. सापडलेल्या वस्तूपेक्षा तिच्या जागेवर अधिक प्रेम करणे हे हौशी मनास फार जड जाते.

अशा संयमाने काय हाती लागते ते याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ पासून १९८३ पर्यंत सांकलिया, अन्सारी व ढवळीकर यांनी उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांहून पूर्वी तेथे शेतकरी वसले, जव पिकवू लागले. पुढे चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास वस्ती उठली. घरांच्या जमिनीखाली अर्भके पुरलेली सापडली: दोन मडकी तोंडास तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि त्यांत मूल. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून त्यांस पुरीत. ते कशासाठी, याविषयी तर्कच करावा लागतो. ज्या आईने आपले मूल गावाबाहेर न नेता स्वतःच्या घराच्या जमिनीखाली ठेवले, तिची संमती आपणांस कधीच मिळावयाची नाही. तिची ती मडकी हलवावयाची तर निदान आपल्या रविवारच्या करमणुकीहून मोठे काही कारण हवे, असे आम्हांस वाटते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती काहींस रुचणार नाही. मूळ शोधण्याच्या उत्साहामागे पुष्कळदा हक्काची भाषा दबा धरून असते. आमच्या कारखान्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून माणसे आली. जुन्या वाडीचा मनुष्य त्यांस ऐकवू पाहतो की, आम्ही आधीचे. इनामगावच्या सर्वांत खालच्या थरातील भांडी माळव्याच्या धाटणीची आहेत. म्हणजे तेथील आद्य रहिवासी बहुधा तिकडूनच चालत आलेले! आणि मधला शतकानुशतकांचा खंड पाहता, आजचा कोणता गावकरी त्यांचा वारस म्हणवील? आपल्या वंशावळीची नक्कल मागावयास जाणाऱ्यास जमीन अनोळखी माणसांची नावे सांगते, तीही अर्धीमुर्धी. हे उत्तर ऐकून घेण्याची ज्याची तयारी नाही त्याने कुदळ हाती न घेणेच बरे.

आता कोणी म्हणेल की, हा सारा संकोच प्रेमळ हातांपुरताच कशाला? चाकणच्या माळावर यंत्राचा पंजा एका दुपारी जेवढी माती उपसतो तेवढी इनामगावास एका मोसमात उपसली गेली नसेल. आणि त्या यंत्रास ना हौस, ना अनुमतीची चिंता. हा आक्षेप आम्हांस सर्वांत बिनतोड वाटतो, आणि स्वयंसेवकांचे खरे काम येथेच आहे. खड्डा दुसरा कोणी खणणारच आहे. त्याच्या कडेस जाऊन उभे राहावे, उघड्या पडलेल्या मातीत राखेचा पट्टा किंवा खापरांची रांग दिसते का ते पाहावे, छायाचित्र घ्यावे, खोली मोजून तारखेसह वहीत लिहावी, आणि काँक्रीट पडण्यापूर्वी त्या दिवशीच जाणत्यांस कळवावे. याकरिता कुदळ लागत नाही. मुकादमाची परवानगी तेवढी लागते, आणि ती कधी कधी चहाच्या एका कपावर मिळते.