आवाक्यातली मोटार

फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे रनअबाउट. दोन माणसांपुरती बैठक, वर दुमडता येणारे कापडी टप, बाजू मोकळ्या. 1909 मध्ये अमेरिकेत तिची किंमत 825 डॉलर होती, 1925 पर्यंत ती 260 डॉलरवर आली. किंमत एवढी उतरूनही गाडी दणकट राहिली. हे कसे साधले, याचा विचार मराठवाड्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावी बसून करावा असाच आहे, कारण वाहनावाचून ज्यांचे अडते ती माणसे अशाच गावांच्या आसपास राहतात.

पहिली गोष्ट, ही गाडी खराब रस्ता गृहीत धरूनच घडवलेली होती. त्या काळी अमेरिकेतल्या खेड्यांचे रस्ते पावसात चिखलाने भरून जात. गाडी जमिनीपासून उंच ठेवली होती. पुढे एक आणि मागे एक असे दोनच आडवे पाटे होते, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी बाकीची तीन जमीन सोडत नसत. व्हॅनेडियम मिसळलेल्या पोलादामुळे सांगाडा हलका आणि चिवट झाला. इंजिन 20 अश्वशक्तीचे, पुढून हँडल मारून चालू करायचे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाला ज्यांनी हँडल मारले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पेट्रोलची टाकी बैठकीखाली होती आणि पेट्रोल उतारानेच इंजिनात उतरे. त्यामुळे टाकीत थोडेच पेट्रोल असले की मोठा चढ रिव्हर्समध्ये चढावा लागे. शेतकरी मागचे एक चाक उचलून त्यावर पट्टा चढवत आणि त्याच गाडीवर लाकडे कापत, पाणी उपसत. घरच्या हत्यारांनी जी दुरुस्त होते आणि शेतातही राबते, तीच गाडी गरिबाला परवडते.

दुसरी गोष्ट कारखान्यातली. 1913 मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकता जोडणीपट्टा आला. सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. पण दिवसभर एकच नट आवळत उभे राहणे माणसांना सोसेना, कामगार काम सोडून जाऊ लागले. त्यांना टिकवण्यासाठी जानेवारी 1914 मध्ये फोर्डने आठ तासांच्या कामाला दिवसाला 5 डॉलर देऊ केले. त्याला अटीही होत्या, कंपनीची माणसे कामगाराच्या घरी जाऊन त्याची राहणी तपासत. तो काही दानधर्म नव्हता. तरी त्याचा परिणाम फार मोठा झाला. 5 डॉलरच्या रोजाने हिशेब केला तर 1925 ची रनअबाउट 52 दिवसांच्या मजुरीत येत होती. गाडी बनवणाराच तिचा गिऱ्हाईक होऊ शकला.

आपल्याकडे हे घडले नाही. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने 1926 मध्ये भारतात आपली कंपनी काढली. त्या वेळी उमरी निजामाच्या राज्यात होती. गावाजवळून रेल्वे गेली होती, पण जागीरदारी आणि वेठबिगारीच्या त्या राज्यात कष्टकऱ्याच्या हाती रोख पैसा पडणेच दुर्मीळ होते. अमेरिकेतली स्वस्त गाडी इथे येताच श्रीमंताची वस्तू झाली. सामान्य माणसाच्या वाट्याला मोटार आली ती बसच्या रूपाने. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेने 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. तिकीट काढून मोटारीत बसणे शक्य झाले, ही मराठवाड्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

स्वस्त मोटारीचे स्वप्न मराठी माणसानेही पाहिले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 च्या सुमारास दोन माणसांची छोटी मोटार स्वतः बांधली. पुढे नवे नमुने करत त्यांनी ‘मीरा’ घडवली. साधारण 12,000 रुपयांत ती लोकांना मिळावी अशी त्यांची धडपड होती. मोठ्या प्रमाणावर तिचे उत्पादन कधीच झाले नाही. बुद्धी होती, हात होते, पण पाठीशी भांडवल आणि धोरण उभे राहिले नाही. 2009 मध्ये लाख रुपयांची म्हणून गाजलेली नॅनो बाजारात आली आणि दहा वर्षांत थांबली. नुसती किंमत खाली ओढून गाडी लोकांची होत नाही, हा धडा त्यातून घ्यायला हवा.

आज 52 दिवसांचे ते माप आपल्याला लावून पाहू. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर 297 रुपये होता. त्या वर्षी चार लाखांच्या आसपास मिळणारी साधी मोटार म्हणजे 1,300 हून अधिक दिवसांची मजुरी. केंद्राची हमी तेव्हा कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची होती. म्हणजे त्या कमाईतला एक पैसाही खर्च न करता तेरा वर्षे! कापूस वेचणाऱ्या बाईच्या दृष्टीने ‘परवडणारी गाडी’ या जाहिरातीला काही अर्थ उरत नाही.

म्हणून वाहन स्वस्त झाले की नाही, हे रुपयांत न मोजता मजुरीच्या दिवसांत मोजावे, असे मला ठामपणे वाटते. मजुरी वाढली, रस्ते सुधारले आणि गावातल्या मिस्त्रीला उघडता येईल अशी यंत्रे बनली, तरच खेड्यातला माणूस स्वतःच्या गाडीत बसेल. तोपर्यंत त्याच्या आवाक्यातली मोटार एकच आहे, ती म्हणजे एस.टी. नव्या गाड्यांचे कौतुक जरूर करावे, पण आडगावाची एकही फेरी बंद होऊ देऊ नये, आणि झालीच तर ती पुन्हा सुरू होईपर्यंत आपण सर्वांनी तिचा पाठपुरावा करावा.