गंधमादनाची वाट आणि सोबती



अक्षय्य तृतीया जवळ आली म्हणजे आपल्या भालकीतील घराघरांत बद्री-केदाराच्या गोष्टी सुरू होतात. कोणी शेजारीपाजारी जमवितो, कोणी भावंडांना गोळा करतो. हल्ली तर तरुण मुले मित्रमंडळींसह पाठीवर पिशव्या बांधून डोंगर चढावयास जातात. ही आनंदाचीच गोष्ट होय. केदारनाथाचे रावळ वीरशैव परंपरेतील असतात, त्यामुळे कर्नाटकाच्या या कोपऱ्यातील माणसास ते स्थान परके वाटत नाही. परंतु मांजरेकाठच्या रानात वाढलेल्या आपणांस उंच पर्वताची वाट दुसऱ्यांच्या संगतीने कशी चालावी, हे ठाऊक असतेच असे नाही. महाभारताच्या वनपर्वात याविषयी एक मार्मिक प्रसंग आहे. त्याचा आज विचार करू.

अर्जुन दिव्य अस्त्रांसाठी गेलेला होता. त्याच्या भेटीच्या ओढीने बाकीचे पांडव द्रौपदीसह लोमश ऋषींच्या मार्गदर्शनाखाली गंधमादन पर्वताकडे निघाले. पुढील वाट बिकट आहे हे जाणून धर्मराजाने भीमास सुचविले की, तू द्रौपदी व सहदेव यांना घेऊन गंगाद्वारी थांब. मी, नकुल आणि लोमश एवढेच पुढे जातो. भीमाने हे मानले नाही. जिथे हिला चालवणार नाही तिथे मी हिला उचलून नेईन, असे तो म्हणाला. द्रौपदीही हसून म्हणाली, माझी चिंता करू नये, मी येईन.

पुढे काय झाले? प्रचंड वारा सुटला, धुळीने दिशा झाकल्या, मागोमाग पाऊस कोसळला. वादळ शमल्यावर जेमतेम कोसभर वाट चालून द्रौपदी कोसळली. नकुलाने धावत जाऊन तिला सावरले, धर्मराजाने तिचे मस्तक मांडीवर घेतले, आणि धनुष्याच्या दोरीने घट्टे पडलेल्या हातांनी नकुल-सहदेव तिचे पाय हळूहळू चेपू लागले. या ठिकाणी तिला कोणी बोल लावला नाही. ‘येईन म्हणालीस ना?’ असे कोणी विचारले नाही. धर्मराजाने दोष स्वतःकडे घेतला. मग भीमाने घटोत्कचाचे स्मरण केले; त्याने द्रौपदीस उचलले, इतर राक्षसांनी पांडवांना व ब्राह्मणांना खांद्यांवर घेतले, आणि अशा रीतीने ती मंडळी बदरीच्या आश्रमास पोहोचली. घोड्यावर वा कंडीत बसून वर गेल्यास यात्रेचे पुण्य घटते, असे मानणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा. पांडवांचे पुण्य काही घटले नाही!

येथे एक शंका निघते, आणि ती खोटी नाही. महाप्रस्थानाच्या वेळी द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम एकामागून एक पडले, तरी धर्मराज मागे न पाहता चालत राहिला. मग मागे राहिलेल्यासाठी आम्ही का थांबावे? आम्हांस वाटते, या दोन वाटा एक नव्हेत. महाप्रस्थानात परत येणे नव्हते. देह ठेवण्यासाठीच ती सर्वजण निघाली होती. आपण परतीचे तिकीट काढून निघतो. शिवाय त्याच धर्मराजाने सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून इंद्राच्या रथात बसण्याचे नाकारले, आणि पुढे भावंडे नरकात दिसली तेव्हा, ही जिथे आहेत तिथेच माझा स्वर्ग, असे म्हणून तो तेथेच थांबला. हे विसरून नुसते त्याचे मागे न पाहणे तेवढे उचलणे बरोबर नव्हे.

आता व्यवहाराचे बोलू. गौरीकुंड सुमारे 6,500 फुटांवर, तर केदारनाथ 11,700 फुटांहून उंच. 2013 च्या महापुरात जुनी वाट उद्ध्वस्त झाल्यावर नवी वाट सुमारे 16 किलोमीटरांची झाली. तेवढी चढण पुष्कळजण एका दिवसात चढतात. वैद्यकशास्त्र सांगते की, 10,000 फुटांवर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची सुमारे 1,600 फुटांहून अधिक वाढवू नये. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने दोन तृतीयांशच उरतो. प्रथम डोके दुखते, अन्न नकोसे होते, मळमळते. पुढे पावले अडखळतात, बोलणे भरकटते. विशेष हे की, भ्रम झालेल्यास आपल्याला भ्रम झाला हे कळत नाही. तो ‘मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे’ असेच म्हणतो. त्याचे खरे मानून पुढे जाणारे सोबती दर्शन घेतात खरे, परंतु मागे काय झाले हे त्यांना उतरताना कळते. अशा वेळी खरा उपाय एकच, त्याला खाली उतरविणे. आणि ते एकट्याने होत नाही.

म्हणून यंदा आपल्या मंदिरातून जी मंडळी निघतील त्यांनी प्रस्थानापूर्वीच, देवासमोर बसून, एवढे ठरवून घ्यावे: सर्वांत हळू चालणारा पुढे राहील, व कोणासही उतरावे लागल्यास त्याच्याबरोबर कोण उतरेल. त्या सोबत्याचे नाव आधीच ठरावे. वर गेल्यावर, शिखर समोर दिसत असताना, ते ठरत नाही. जो उतरेल त्याच्या वतीने इतरांनी वर अभिषेक करावा, आणि प्रसाद आणल्यावर पहिला त्याच्या हाती द्यावा.